तिसऱ्या पाळीचा पिक्चर

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या गाडी-कंपनीच्या गेटवर पहाटे सहा-सव्वासहाला उभे राहा. आत जाणाऱ्याच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटीवाला एक बारका स्टिकर डकवतो. पुढच्या कॅमेऱ्याला एक, मागच्याला एक. हल्ली फोनच्या पाठीला तीन-तीन डोळे असतात, त्या फोनला सिक्युरिटीवाला मनातल्या मनात शिव्या देतो. आत पुढच्या वर्षी बाजारात येणाऱ्या गाडीचं बंपर टांगलेलं असतं. त्याचा फोटो बाहेर गेला तर परदेशात कुणाची तरी झोप उडते आणि इथे कुणाची तरी नोकरी जाते. इंडक्शनच्या पहिल्याच दिवशी कागदावर सही घेतलेली असते : ड्रॉइंग, डिझाईन, फोटो, कंपनीचं काहीही बाहेर नेणार नाही. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख एकवेळ आठवणार नाही, पण हे कलम तो झोपेतही म्हणून दाखवेल.

दुपारी पाळी सुटते. तोच माणूस कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडतो, इअरफोन कानात खुपसतो आणि गेल्या शुक्रवारी लागलेला पिक्चर सुरू करतो. कुणीतरी थिएटरात बसून, मोबाईल छातीशी धरून तो आख्खा शूट केलेला असतो. बघणाऱ्याच्या कॅमेऱ्यावरचा स्टिकर अजून निघालेला नसतो.

दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. त्यांची कधी ओळखही झालेली नसते.

वास्तविक 'डुप्लिकेट' हा शब्द या भागात जितक्या तुच्छतेने उच्चारला जातो तितका महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे होत नसावा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि तेव्हापासून इथल्या पिढ्या ओरिजिनल आणि डुप्लिकेट यांतला फरक ओळखण्याच्या पगारावर वाढल्या. आमच्या सोसायटीत क्वालिटीमधून रिटायर झालेले एक काका आहेत. बेअरिंग कानाशी नेऊन फिरवतात आणि नकली असेल तर चेहऱ्यावर असा भाव आणतात, की जणू कुणी त्यांच्या वडिलांविषयी बोललं. बाहेरच्या गॅरेजवाल्याने स्कूटरला भलताच ब्रेक-शू घातला म्हणून ते तीन किलोमीटर चालत जाऊन भांडून आले. या काकांचा भाचा टेलिग्रामवर असतो. काकांना दर शनिवारी नवा पिक्चर पोहोच होतो.

पिक्चर ते पार्टसारखाच तपासतात. "साऊंडला प्ले आहे," असा पहिला शेरा येतो. म्हणजे हिरोचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून सावकाश येतो. "उजवीकडे कट गेलाय. फ्रेमिंग रिजेक्ट. रिवर्कला पाठवायला पाहिजे." मग काकू विचारतात, "मग बंद करू?" तर काका म्हणतात, "राहू दे. डेव्हिएशनवर ॲक्सेप्ट." ज्यांनी कस्टमर ऑडिटला तोंड दिलंय त्यांना या वाक्याचं मोल कळेल.

काकूंची तऱ्हा निराळी. त्यांना कॅमेरा प्रिंटच आवडतो. त्यात माणसं असतात. क्लिअर प्रिंटमध्ये कसं, एकटंच बसून बघितल्यासारखं वाटतं. कॅमेरा प्रिंटमध्ये शिट्ट्या येतात, आईच्या मरणाच्या प्रसंगाला कुणाचं तरी पोर रडून साथ देतं, पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मधूनमधून उठून बाहेर जातो. एका पिक्चरमध्ये तो इतक्यांदा उठला, की काकूंनी "मधुमेह असणार" असं निदान केलं आणि क्लायमॅक्सच्या ऐन मोक्याला हिरोऐवजी त्याची काळजी करत बसल्या. परत आला तेव्हा त्यांना बरं वाटलं. खलनायक मेला की नाही ते त्यांना अजून माहीत नाही.

आणि या सगळ्या बेकायदा कारभारात एक कायदा मात्र काटेकोर पाळला जातो. हिरोने सिगारेट पेटवली की खालच्या कोपऱ्यात 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे' ही ओळ इमानाने हजर. पिक्चर चोरला, ओळ शाबूत.

हे काही मोबाईलबरोबर उगवलेलं नाही. १९८२च्या एशियाडच्या सुमाराला रंगीत टीव्ही आले आणि पाठोपाठ कामगारांच्या कॉलन्यांत भाड्याचा व्हीसीआर आला. वर्गणी काढायची, एका रात्रीत तीन कॅसेटी. पहिली घरातल्या थोरांसाठी, दुसरी मारधाडीची. तिसरी पहाटे लागायची आणि ती शेवटपर्यंत पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. कॅसेट कुठून आली हे कुणी विचारत नसे. व्हिडिओ-चोरीला आळा घालण्यासाठी १९८४ साली कॉपीराइट कायदा कडक करण्यात आला, त्याचा पत्ता संसदेबाहेर फारसा कुणाला लागला नाही. नव्वदीत केबलवाला आला. शुक्रवारचा पिक्चर शनिवारी रात्री केबलवर, खाली साडी सेंटरची सरकती पट्टी, त्यात मध्येच कुणा भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. नंतर भोसरी, चिखली, म्हाळुंगे इथल्या मोबाईलच्या टपऱ्यांवर पाट्या लागल्या : 'मेमरी कार्डमध्ये गाणी व पिक्चर भरून मिळतील'. दिवाळीला गावी जाणारा पोरगा बोनसमधून आईला साडी, बापाला चप्पल आणि चुलतभावांना कार्डभर पिक्चर न्यायचा. लातूर-नांदेडच्या वाड्यावस्त्यांवर नवा सिनेमा पोहोचवण्याचं काम वितरकांच्या आधी आमच्या हेल्पर-फिटर मंडळींनी केलं आहे. त्याची नोंद चित्रपटसृष्टीच्या इतिहासात नाही, पोलीस डायरीत थोडीफार असेल.

'सैराट'च्या वेळची गंमत अजून बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. २९ एप्रिल २०१६ला पिक्चर लागला आणि पाठोपाठ फुटलाही. फुटलेली प्रत सेन्सॉरसाठीची. तसं त्या प्रतीवरच लिहिलेलं होतं. बनवणाऱ्यांनी सायबर पोलिसांकडे धाव घेतली. आमच्याकडे मात्र एका लाईन सुपरवायझरने ती पाटी पाहून निर्वाळा दिला, "सेन्सॉर लिहिलंय ना वर? मग पास केलेला माल आहे. बघा बिनधास्त." ओके टॅग लागलेल्या पेटीवर शंका घ्यायची सवयच नाही. तरीही हा पिक्चर शंभर कोटींच्या पुढे गेला, मराठीत पहिल्यांदाच. मोबाईलवर पाहिलेलीच पोरं पुन्हा थिएटरात गेली, कारण मोबाईलवर एकट्याने नाचता येत नाही. यावरून 'चोरीने काही बिघडत नाही' असा सिद्धांत मांडणारे बरेच आहेत. त्यांना एवढंच म्हणावंसं वाटतं, की 'सैराट' एक झाला. बाकीच्या मराठी पिक्चरला दिवसाला एखाददुसरा खेळ मिळतो, तोही लोक ऑफिसात असताना, आणि तेवढ्यात प्रत फुटली की निर्मात्याला नाचायला जागा राहत नाही.

चाकणचं नाव निघालं की एका मोठ्या नकलकाराची आठवण टाळता येत नाही. इथे चोरीचा संबंध नाही, उलट नातं आहे. संताजी जगनाडे महाराज चाकणचे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून घेतले. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तेव्हा लोकांच्या तोंडी असलेले अभंग गोळा करून संताजींनी ते पुन्हा कागदावर उतरवले, असं परंपरा सांगते. थोडक्यात, बॅकअप ही कल्पना चाकणला कुठल्याही जर्मन कंपनीने शिकवलेली नाही. पण त्या नकलेची एक खूण पाहा. साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं लोक ते अभंग उतरवत आले, आणि शेवटच्या चरणातलं तुकोबांचं नाव खोडून तिथे कुणी स्वतःचं घातलं नाही. झालं ते उलटंच. लोकांनी आपण रचलेलं तुकोबांच्या नावावर खपवलं आणि आता प्रक्षिप्त कोणते ते शोधण्यात अभ्यासकांची हयात जाते. आमच्या हल्लीच्या नकलकारांनी पिक्चर उतरवला, की दिग्दर्शकाच्या नावाआधी स्वतःच्या वेबसाइटचं नाव झळकतं, आणि मग अडीच तास ते कोपऱ्यात नाचत राहतं. ज्याने चोरलं त्याची सही, ज्याने घडवलं त्याचं नाव पळवत पुढे.

कायद्याने या लोकांना कुठल्या पंक्तीला बसवलंय हे वाचण्यासारखं आहे. वर्तमानपत्रात 'एमपीडीए' म्हणून जो कायदा येतो तो १९८१चा. त्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही : झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती. ही शेवटची मंडळी २००९ साली आत घेतली. पुढे वाळू तस्करही आले. या कायद्याखाली वर्षभर स्थानबद्ध करता येतं. माझ्या डोळ्यांपुढे ती बराक येते. एक भाई, एक हातभट्टीवाला, एक नदी उपसलेला वाळूवाला, आणि कोपऱ्यात चष्मा लावलेलं काडीपैलवान पोरगं.

"तू काय केलं रे?"

"मोबाईल धरला."

"कुणावर?"

"पडद्यावर."

"किती वेळ?"

"पावणेतीन तास. हलला तर प्रिंट खराब होतो."

भाई आदराने सरकून जागा करून देतो.

२०२३च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायदाही तिखट झाला. थिएटरात चोरून शूटिंग केलं, ते पसरवलं, तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड. दंडाची वरची मर्यादा मोठी कल्पक आहे : चित्रपटाच्या निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या पाच टक्के. मराठी पिक्चरच्या खर्चात निर्मात्याच्या मेव्हण्याव्यतिरिक्त दुसरं कुणी भागीदार होईल अशी ही पहिलीच तरतूद असावी.

अडचण एकच, चोर सापडायला हवा. त्याचं नाव माहीत नसतं. मग निर्माते कोर्टात जातात तेव्हा आपली न्यायालयं त्या अज्ञात इसमाला एक नाव देतात : अशोक कुमार. अमुक फिल्म कंपनी विरुद्ध अशोक कुमार. ज्यांनी १९४३चा 'किस्मत' पाहिलाय त्यांना हे ऐकून हसू येईल, कारण त्यात खरे अशोक कुमार भुरट्या चोराच्याच भूमिकेत होते आणि तो पिक्चर कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून जास्त चालला. कोर्टाच्या आदेशाने साइट बंद पडते. दुसऱ्या दिवशी तीच साइट नावाला नवं शेपूट लावून उघडते. अशोक कुमार अजून चालूच आहे.

२०१६च्या ऑगस्टमध्ये मात्र आमच्याकडे खरी घबराट झाली होती. बंद केलेली साइट उघडली की, नुसतं बघितलं तरी तीन वर्षं तुरुंग आणि तीन लाख दंड, अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येऊ लागला. पोरांनी रात्रीतून मेमरी कार्डं साफ केली. एकाने घाबरून लग्नाचा व्हिडिओही उडवला. त्यावर त्याच्या बायकोने जी शिक्षा दिली तिला कलम नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने नुसतं पाहणं हा गुन्हा होत नाही असं स्पष्ट केलं आणि तो मजकूर बदलायला लावला. ही बातमी आमच्याकडे आगीसारखी पसरली. न्यायालयाचं एवढं बारकाईने वाचन या भागात आधी फक्त बोनसच्या निकालाचं झालं असेल.

आता 'छावा'. १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. चाकणहून आळंदी, आळंदीहून पुढे इंद्रायणीच्या काठाने गेलं की तुळापूर. संभाजी महाराजांच्या बलिदानाची जागा. म्हणजे हा पिक्चर आमच्या अगदी अंगणातला. थिएटरं भरली, लोक रडत बाहेर आले, पोरांनी घोषणा दिल्या. आणि त्याच वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांकडे तक्रार गेली तिच्यात १,८१८ बेकायदा लिंका मोजलेल्या होत्या. पुढे हा पिक्चर पसरवल्याच्या आरोपावरून पुणे जिल्ह्यातल्याच दौंडहून एका तरुणाला अटक झाली. कंपनीच्या बसमध्ये मी एकाला तो मोबाईलवर पाहताना बघितलंय. त्याने आधी बूट काढले. शेवटाला हुंदके देत होता, हात जोडलेले होते, आणि मोबाईल पुढच्या सीटच्या खाचेत टेकवलेला होता. त्याच्या भक्तीत खोट होती असं म्हणायची माझी छाती नाही. फक्त तिकीट नव्हतं.

या चाकणात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६० साली शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा गेला. हिंदी पिक्चर ओटीटीवर येण्याआधी आठ आठवडे थिएटरात राहिला पाहिजे, असा मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. आठ आठवडे म्हणजे तेवढेच दोन महिने. नवा पिक्चर पहिल्या दिवशी संध्याकाळी पडतो. सुरुंगही लागत नाही. दरवाजा आतूनच उघडतो.

लोक असं का करतात यावर शहाणी माणसं 'मानसिकता' म्हणतात आणि मोकळी होतात. मला वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. भोसरी-चाकणच्या कितीतरी कारखान्यांना सुटी गुरुवारी असते, विजेच्या हिशेबाने ठरलेली. नवा पिक्चर शुक्रवारी लागतो. म्हणजे आमचा माणूस मोकळा होतो तो त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी. मराठी पिक्चर असेल तर तोवर त्याचं पोस्टर उतरवायला शिडी लावलेली असते. सेकंड शिफ्टवाला रात्री साडेअकराला सुटतो, तेव्हा शेवटच्या खेळाचा मध्यंतर होत आलेला असतो. फर्स्ट शिफ्टवाला नवाला आडवा होतो. नाईटवाला दिवसा झोपतो. त्यात मोशी-चिखलीच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारी बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशची पोरं. त्यांच्या भाषेतला पिक्चर इथे कोण लावणार? चौघांचं तिकीट, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि पोरांचा मक्याच्या लाह्यांचा हट्ट यांची बेरीज कंत्राटी हजेरीत बसत नाही, ते वेगळंच. इतक्या अडचणी ओलांडून पहाटे साडेतीनला, चहाच्या सुटीत, कॅन्टीनच्या कोपऱ्यात, भोजपुरीत आणि उडियात खेळ लावणारा धंदेवाईक या पट्ट्यात एकच आहे, आणि त्याला पोलीस शोधतायत. थिएटरवाल्यांनी कधी आमचा शिफ्ट-चार्ट मागून नेल्याचं ऐकिवात नाही.

ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशनचा २०२४चा अहवाल म्हणतो, २०२३ मध्ये देशात हा चोरीचा बाजार २२,४०० कोटींचा होता, आणि निम्म्याहून अधिक, ५१ टक्के प्रेक्षक चोरीच्या वाटेने काही ना काही पाहतात. क्वालिटीवाल्या काकांना हा आकडा सांगितला. त्यांनी वहीच्या पाठीवर भागाकार मांडला. फोक्सवॅगनने चाकणचा कारखाना उभा केला तेव्हा ३,८०० कोटींची गुंतवणूक छापून आली होती. "जवळजवळ सहा कारखाने!" काका हादरले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि एकाचीही क्वालिटी धड नाही."

फुकट फुकट म्हणतात तेही तितकंसं खरं नाही. साइट उघडली की 'डाऊनलोड' लिहिलेली पाच बटणं दिसतात. चार खोटी. एक दाबलं की आयफोन लागल्याचं अभिनंदन, दुसऱ्यावर तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरल्याची दवंडी, तिसऱ्यावर कुणी अनोळखी बाई आपल्याच पिंपरीत एकटी बसली असल्याची खबर. पिक्चर हाती लागलाच तर ऐन हाणामारीत सट्ट्याच्या ॲपची जाहिरात घुसते. पोरं पिक्चर विसरतात आणि ॲप लक्षात ठेवतात. पगाराच्या आठवड्यात हे विशेष. काका याला उलटं पोका-योके म्हणतात. माणसाला चूक करताच येऊ नये अशी रचना जपान्यांनी शोधली. इथे माणसाच्या हातून चूक झाल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये अशी रचना आहे, आणि ती एकदम झीरो डिफेक्ट चालते.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत खरोखरची चोरी झाली. सीसीटीव्हीसाठी घेतलेलं ऑफिसचं वायफाय कुणीतरी वापरत होतं. कॅमेरे अडकत होते, बिल वाढत होतं. तातडीची सभा बोलावली. वातावरण तापलं. "दुसऱ्याच्या पैशावर मजा मारायची ही काय वृत्ती!" असं खजिनदार टेबलावर हात आपटून म्हणाले. "कष्टाचं आहे ते आमच्या," असं दुसरे म्हणाले. चौकशीत बी विंगमधलं एक इंजिनिअरिंगचं पोरगं सापडलं. पासवर्ड सोसायटीचं नाव आणि एक-दोन-तीन असा होता, त्यामुळे त्याच्या बुद्धीची तारीफ करण्यासारखं काही नव्हतं. काय करत होतास, असं दरडावून विचारल्यावर पोराने खाली मान घालून कालच लागलेल्या पिक्चरचं नाव घेतलं. सभेत शांतता पसरली. काकांनी घसा खाकरून विचारलं, "कॅमेरा की क्लिअर?"

"क्लिअर. साठ टक्के उतरलाय."

सभेचं इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागलेलं आहे. ठराव क्रमांक ४ : सोसायटीच्या वायफायचा गैरवापर ही गंभीर बाब असून सर्व सभासदांनी तिचा तीव्र निषेध केला. पासवर्ड तात्काळ बदलण्यात यावा. तात्काळ म्हणजे उर्वरित चाळीस टक्के झाल्यावर. सूचक खजिनदार, अनुमोदक क्वालिटीवाले काका. ठराव सर्वानुमते मंजूर.